शंभर टक्के केळ

माझी डिग्री बघून मला जागा देणारा माणूस आयुष्यात एकच भेटला, आणि त्यानेही ती दिली टॉवेल मऊ करून मिळावेत म्हणून.

मी तेव्हा तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात नवा नवा केमिस्ट म्हणून लागलो होतो आणि पनवेलमध्ये खोली शोधत फिरत होतो. तळ्याच्या मागच्या आळीत एका ओट्यावर एक उंच, हाडकुळे, उघडेबंब गृहस्थ बसले होते. केळीचा बुंधा मांडीवर आडवा घेऊन ते पत्र्याच्या तुकड्याने त्याची साल खरवडत होते. मी खोलीची चौकशी केली. त्यांनी वर न बघता मी काय करतो ते विचारलं. केमिस्ट आहे म्हटल्यावर हात थांबला. त्यांनी माझ्याकडे, मुलगी बघायला आलेल्या लोकांनी बघावं तसं आपादमस्तक बघितलं आणि म्हणाले, "आजच सामान आणा." माझं गाव, माझी जात, मी रात्री किती वाजता येतो, यातलं काहीही त्यांना नको होतं. पनवेलच्या घरमालकांच्या इतिहासात असं आधी झालं नसावं.

त्यांना सगळी आळी मास्तर म्हणायची. शाळेचे नव्हेत, गिरणीचे. मुंबईच्या एका गिरणीत विणाई खात्यात त्यांची हयात गेली. संपात ती गिरणी जी बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. बरोबरच्या लोकांनी कुणी भाजीची गाडी टाकली, कुणी रिक्षा घेतली, कुणी नशिबाला दोष देत बसलं. मास्तरांनी हे काहीच केलं नाही. त्यांचा राग मालकावर नव्हता, पुढाऱ्यांवर नव्हता, सरकारवरही नव्हता. तो कापसावर होता. इतक्या निरुपद्रवी वस्तूवर इतका मनापासून राग धरलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

"कापूस हा पाण्याचा व्यसनी आहे," ते म्हणायचे. "शेतात पितो, गिरणीत पितो, न्हाणीघरातही पितो." न्हाणीघरात त्याने प्यावं म्हणूनच लोक त्याचा टॉवेल करतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर त्यांनी मला कापसावर मारायच्या औषधांवर व्याख्यान दिलं, आणि तळोज्याच्या कारखान्यांचाही त्यात हात असल्याचं सूचित केलं. केळीचं झाड तर घड उतरवल्यावर लोक तोडून उकिरड्यावर टाकतात. त्याला ना जादा पाणी, ना औषध, ना वेगळी जमीन. त्या फुकट जाणाऱ्या बुंध्यात एवढा धागा असताना माणसाने कापसाच्या पायाशी का लोळण घ्यावी, हा त्यांचा सवाल होता. आज अशा गोष्टींवर परिषदा भरतात आणि पाहुण्यांना जेवण असतं. तेव्हा मास्तरांना श्रोता एकच होता, आणि तोही भाडेकरू असल्यामुळे उठून जाऊ शकत नव्हता.

केळीवर ते एकदम आले नव्हते. माझ्या आधीच्या भाडेकरूंनी बरंच सोसलं होतं. पहिला टॉवेल काथ्याचा. तो वापरलेले एक पोस्टातले गृहस्थ त्याच महिन्यात बदली मागून अलिबागला गेले, असं आळीत सांगत. मग अंबाडी झाली. मग घायपात, ज्याच्या रसाने मास्तरांचे स्वतःचेच हात सुजले आणि ते आठवडाभर दोन्ही हात पुढे धरून आळीत हिंडले. कर्नाळ्याच्या बाजूने कातकरी मोळ्या घेऊन यायचे, त्यांच्याकडून त्यांनी केवणीची सालही मागवली. त्या सालीचे कातकरी दोर वळतात. त्याने तुम्ही अंग पुसणार, हे समजल्यावर मोळीवाला मान खाली घालून हसला आणि त्याने पैसे कमी घेतले. घरात हे सगळे टॉवेल जपून ठेवलेले होते. एकाने पाटा-वरवंटा झाकलेला असायचा, एकाने मोरीचं भोक.

खोलीची अट अशी होती की भाडेकरूने बाजारातला टॉवेल वापरायचा नाही. मास्तर देतील तो वापरायचा आणि रविवारी सकाळी ओट्यावर येऊन साक्ष द्यायची. साक्ष हा त्यांचाच शब्द. पाणी किती टिपलं, वाळायला किती वेळ लागला, कुठे टोचलं. "कुठे टोचलं"चं उत्तर मी सभ्यपणे टाळत असे. मग ते म्हणत, "टॉवेल पाणी पुसायला असतो, लाड करायला नाही." त्यांच्या टॉवेलला पाणी पुसणंही फारसं मान्य नव्हतं. तो पाणी अंगावरच इकडून तिकडे फिरवत असे. पण ही साक्ष ते ऐकून घेत नसत.

केमिस्ट म्हणून माझी कामगिरी काय झाली, तेही सांगून टाकतो. सालीचा चीक गेल्याशिवाय धागा मऊ होणार नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी धुण्याचा सोडा टाकून साल उकळायला सांगितली. मास्तरांनी जास्त सोडा म्हणजे जास्त मऊ असा हिशेब केला, आणि पातेल्यात शेवटी जे उरलं ते गव्हाच्या लापशीसारखं होतं. त्यानंतर त्यांनी विज्ञानाचा नाद सोडला आणि साल मागच्या हौदात कुजत घातली. त्या वासाने अख्खी आळी खिडक्या लावून बसली. नगरपालिकेचा माणूस आला, त्याने नाकाला रुमाल लावला. मास्तरांनी त्याला तो रुमाल सुती आहे याची जाणीव करून दिली.

बुंधे आणून देणारी एक आगरी बाई होती, उलव्याकडची. भाजीच्या टोपलीबरोबर ती बुंधेही टेम्पोत टाकून आणायची. हौदाच्या वासाने तीही हबकली. ओट्याशी टोपली टेकवून तिने मला विचारलं, "तुमी शिकलंले हाव ना? मंग त्याला सांगत का नाय? आमी मावऱ्या-मासलीच्या वासान वाढलू, पन ह्यो वास आमाला पन सोसत नाय." मी म्हटलं, बाई, त्यांना सांगणारा अजून जन्माला यायचा आहे. ती आतल्या बाजूला बघत म्हणाली, "ती पोर हाय म्हनून घर हाय." आणि टोपली उचलून गेली.

ती पोर म्हणजे मास्तरांची मुलगी, कुंदा. मास्तरांची बायको गिरणी बंद पडायच्या आधीच गेली होती. कुंदा बालवाडीत शिकवायची, स्वयंपाक करायची, आळीत ज्यांच्या ज्यांच्याशी मास्तर भांडत त्यांच्या घरी जाऊन समजूत घालायची आणि दुपारी कांड्या भरायची. मागावर धोटा इकडून तिकडे पळतो, त्याच्या पोटात एक छोटी कांडी असते, तिच्यावर आडवा धागा गुंडाळलेला असतो. ती भरायला एक छोटा रहाट लागतो. बाप मागावर आणि लेक रहाटावर, अशी ती दोघं मागच्या पडवीत बसायची. एरवी त्या घरात बोलणं फारसं नव्हतं. मास्तर बोलायचे ते जगाशी, आणि जग बहुतेक वेळा मी असे. पडवीतून मात्र दोघांच्या बोलण्याचा आवाज यायचा. काय बोलत ते कळायचं नाही, पण मास्तरांना हसू येतं हे मला तिथूनच समजलं.

आणि मग एके दिवशी टॉवेल मऊ झाला.

एकदम नाही, हळूहळू. एका रविवारी मी साक्षीत म्हणालो की या खेपेला टोचलं नाही. पुढच्या खेपेला तर त्याने चक्क पाणी टिपलं. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की हौदात पाण्याबरोबर ताक घालायला लागल्याचा हा परिणाम आहे. मी केमिस्ट असून ते मानलं. फिकट सोनेरी रंगाचा, किंचित चमकणारा, बरा जाडसर टॉवेल होता तो. आळीतल्या लोकांनीसुद्धा हात लावून बघितला. मास्तर प्रत्येकाला सांगायचे, शंभर टक्के केळ. नव्व्याण्णवही नव्हे.

मुंबईहून एक व्यापारी आले, कुणीतरी नमुना दाखवला होता म्हणून. स्वच्छ सफारीतले, बोटात अंगठ्या असलेले गृहस्थ. त्यांनी टॉवेल चिमटीत धरला, चुरगळला, उजेडात धरला आणि विचारलं, यात कापूस किती आहे. त्या क्षणी कुंदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मास्तर उठले. त्यांनी व्यापाऱ्याच्या हातातून टॉवेल काढून घेतला, त्याची नीट घडी घातली, मग खाली वाकून त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून मांडून ठेवल्या. व्यापारी चहा न पिताच गेले. मास्तरांनी चहा मला प्यायला लावला. माणसाचं आयुष्य घडवणारी ऑर्डर अशी माझ्यासमोर निघून गेली आणि मी बिस्किटासकट ती बघत बसलो. कुंदा नंतर बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, बापाच्या विक्षिप्तपणाची तिला लाज वाटली असेल.

काही काळाने तिचं लग्न ठरलं. मुलगा उरणचा, नव्या बंदरात कारकून. माणूस सज्जन होता, कुंदालाही आवडला होता. भानगड होती त्याच्या थोरल्या काकांची. मुलाचे वडील नव्हते, सगळा मान काकांचा होता आणि काकांना मानाशिवाय दुसरा धंदा नव्हता. दुसऱ्या एका पुतण्याच्या लग्नात पत्रिकेवर त्यांचं नाव खाली छापलं म्हणून ते वऱ्हाड घेऊन अर्ध्या वाटेवरून परत गेले होते, आणि ती सोयरीक तिथेच मोडली होती. ही हकिगत मुलाकडच्यांनीच अभिमानाने सांगितली. कुंदाचं वय तेव्हाच्या मानाने बरंच झालं होतं. आधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, दोन्ही वेळा वास हे कारण होतं. हे लग्न मोडलं तर पुढचं स्थळ येणार नाही हे आळीला कळत होतं, कुंदाला कळत होतं, मलाही कळत होतं. मास्तरांना कळतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांनी जाहीर केलं की वरपक्षाच्या सगळ्या पुरुषांना टॉवेल-टोपी होईल ती आपल्या मागावरची. म्हणजे टोपी बाजारातली, टॉवेल केळीचा.

आपल्याकडे टॉवेल-टोपीचा मान काय असतो ते सांगायला नको. टोपी डोक्यावर बसली नाही तरी चालते, टॉवेल खांद्यावर पडला पाहिजे. आणि लग्न मे महिन्यातलं, पनवेलच्या उकाड्यातलं. ज्याच्या खांद्यावर टॉवेल पडणार तो त्याने लगेच मान पुसणार, हे ओघानेच आलं.

मला यात चिंतेचं काही दिसत नव्हतं. टॉवेल आता मऊ होत होता. मग केळवणाच्या धामधुमीत एका दुपारी कुंदाने मला मागच्या दाराशी बोलावलं.

"दादा, तो टॉवेल केळीचा नाही," ती म्हणाली. "म्हणजे निम्माच आहे. कांड्या भरताना मी सुताचा धागा त्यात पिळते. कोऱ्या सुताचा रंग तसाच दिसतो."

मी विचारलं, किती दिवस? तर मऊ झाल्यापासूनच. ताक, हौद, मास्तरांचं शास्त्र, माझ्या रविवारच्या साक्षी, सगळं सूत होतं. बालवाडीच्या पगारातून ती ते आणायची. बाबा रोज तोच खरखरीत टॉवेल हातात घेऊन बसायचे, ते मला बघवेना, असं ती म्हणाली. आता अडचण अशी होती की लग्नाच्या टॉवेलांच्या कांड्या मास्तर तिला भरू देत नव्हते. नवरीने रहाटावर बसायचं नाही, म्हणून त्यांनी तिला पडवीत यायलाच बंदी केली होती. सगळं आपण एकटे करणार म्हणाले, आणि पडवीला कुलूप.

"काकांच्या तोंडाला ते खरं केळ लागलं तर काय होईल?" तिने विचारलं. मला आधीचे टॉवेल आठवत होते.

पडवीत शिरण्याचे मी जे प्रयत्न केले त्यांचं वर्णन करत नाही. एकदा मदत करायला आलो म्हटलं, तेव्हा मास्तरांनी मला सोड्याच्या लापशीची आठवण करून दिली. शेवटी मी बाजारात गेलो, साधारण त्याच रंगाचे सुती टॉवेल घेतले आणि लग्नाच्या सकाळी लोडांच्या अभ्र्यांत भरून कार्यालयात नेले. बेत असा, की मास्तर आपले टॉवेल ज्या ट्रंकेत भरून आणतील तिच्यातले योग्य वेळी काढायचे आणि हे ठेवायचे. कुंदाला तसा निरोपही दिला होता. पण मास्तर ट्रंकेवर बसून होते. अक्षता पडेपर्यंत बसून होते. फोटोवाल्याने उठा म्हटलं तरी उठले नाहीत. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मुलीचा बाप कोपऱ्यात ट्रंकेवर बसलेला दिसतो. मी लोडाला टेकून बसलेला दिसतो, आणि माझ्या चेहऱ्यावर घरचंच कुणी गेल्यासारखा भाव आहे.

मानाची वेळ आली. काका सकाळीच दाढी करून आले होते, गुळगुळीत, गालावर पावडर. पंखे होते, ते वरच्या वर हवा ढवळत होते. मास्तरांनी ट्रंक उघडली, पहिला टॉवेल काढला, काकांच्या खांद्यावर टाकला, टोपी घातली, नमस्कार केला. काकांनी टोपी जराशी मागे सारली, टॉवेलचं टोक हातात घेतलं आणि सगळं तोंड त्यात घातलं.

मी डोळे मिटून घेतले असते, पण धीर झाला नाही. कुंदा मुंडावळ्यांतून तिकडेच बघत होती. काकांनी गाल पुसले, मान पुसली, कानामागेही पुसलं. मग टॉवेल पुढे धरून बघितला.

"कुठल्या दुकानातला हो?" त्यांनी विचारलं. "मऊ आहे. आमच्या घरी अजून एक द्या, बाथरूमला."

मास्तरांनी आणखी एक दिला. कुंदाने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत इतकी कृतज्ञता होती की मला ती घेता येईना. मी नाही म्हणून मान हलवली. मी काहीच केलेलं नव्हतं, लोड माझ्या पाठीशी तसेच फुगलेले होते. मग आम्ही दोघांनी मास्तरांकडे बघितलं. ते वाढप्यावर ओरडत होते, की हात पुसायला त्याने जो फडका घेतला आहे तो सुती आहे.

पाठवणीच्या वेळी ते रडले नाहीत. गाडी निघाली, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला गाडी हळू चालव एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर आलो. दाराशी बांधलेले मांडवाचे केळीचे खांब मास्तरांनी सोडवून आडवे घातले होते आणि एकाची साल काढायला घेतली होती. मांडववाल्याशी त्यावरून त्यांचं भांडणही उरकलं होतं. घरात भांड्यांचा आवाज नव्हता. मी समोर बसलो आणि काल काकांना दिलेल्या टॉवेलचं विचारलं.

"निम्मं सूत होतं," ते म्हणाले. "तिने घालायची त्याच्यापेक्षा जरा जास्तच. व्याह्याच्या तोंडाशी कशाला प्रयोग करायचा?"

मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

"विणाई खात्यात माझे केस पांढरे झाले," ते साल ओढत म्हणाले. "माझ्या हाताशी बसून ती काय पिळते ते मला कळणार नाही? तो मुंबईचा शेट एका चिमटीत ओळखून गेला. मी रोज विणत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिने रहाट सोडला असता. आणि मी तिथे एकटा बसून काय करणार होतो?"

एवढं बोलून ते आत गेले आणि एक टॉवेल घेऊन आले. लग्नाचे टॉवेल झाल्यावर जो नुसता केळीचा धागा उरला होता त्याचा विणलेला, नवा, न धुतलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि नळाकडे बोट दाखवलं. मी तोंड धुतलं आणि पुसलं. गालाचं साल निघतं की काय असं झालं, पाणी तोंडावर होतं तिथेच राहिलं.

मास्तर माझ्याकडे बघत होते. "टोचतो ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. ते खाली बसले, पत्रा हातात घेतला आणि खांबाची साल पुन्हा खरवडू लागले.

"टोचणारच," ते म्हणाले. "शुद्ध आहे. भेसळ करणारी काल सासरी गेली."